डॉक्टरताई, ते काटे तुम्ही वेचलेत

आदरणीय डॉक्टरताई आणि आमचा सर्पमित्र भाऊ, दोघांना नमस्कार.

साळिंदराची जखम भरली, ते रानात गेलं, सगळं निभावलं. तरी त्या रात्रीचा विषय निघाला की अजून गळा दाटतो. तुमच्यासमोर उभं राहून मला बोलता यायचं नाही, म्हणून हे पत्र.

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात शेती करणाऱ्याला साळिंदर काही नवं नाही. भुईमूग उकरतं, केळीचे कंद कुरतडतं. त्याच्यावर चिडणारा शेतकरी मला कळतो, मीही शेतकरीच आहे. पण रानडुकरांसाठी कुणीतरी बांधावर लावलेल्या क्लच वायरच्या फासात त्या मादीचा मागचा पाय अडकला होता आणि ती ज्या तऱ्हेने तडफडत होती, ते बघवत नव्हतं.

आधी ज्यांना फोन केले त्यांच्याबद्दल बोलायलाच हवं. एका दवाखान्यातून उत्तर आलं, "आम्ही गाय-म्हैस बघतो, रानातलं नाही." एक जबाबदार म्हणवणारे गृहस्थ गाडी घेऊन आले, फोटो काढले, "मरी जाई ते आते" म्हणाले आणि जाताना गळून पडलेले दोन लांब काटे खिशात घालून निघून गेले. जनावर जिवंत होतं हो! त्याच्या डोळ्यांदेखत नेले. त्या माणसाचा राग माझ्या मनातून जात नाही.

मग 1926 वर वनविभागाला फोन लागला, वनरक्षक आले, आणि मागोमाग तुम्ही दोघं.

ताई, तुम्ही जनावरांच्या शिकलेल्या डॉक्टर. तरी या आपल्या सर्पमित्र भावाला सगळ्यांसमोर म्हणालात, "साळिंदर मी कधी हाताळलेलं नाही. तू सांग, मी ऐकते." आणि खरंच ऐकलंत. त्याने बॅटऱ्या बंद करायला लावल्या, गर्दी मागे हटवली. साळिंदर काटे फेकून मारत नाही, पाठमोरं धावून येऊन टोचतं, म्हणून तिच्या शेपटीकडे कुणी थांबायचं नाही, हे त्याने समजावलं. निळा ड्रम आडवा केला. वायर तोडल्याबरोबर ती आपणहून त्या अंधारात शिरली. आतून शेपटीचे पोकळ काटे खुळखुळत होते. तेव्हा तो बाजूला सरकून म्हणाला, "ताई, आता तुम्ही." एकाला रान कळतं, दुसऱ्याला औषध कळतं, आणि दोघांनाही आपली हद्द ठाऊक. असं काम मी क्वचितच पाहिलंय.

आम्ही म्हणत होतो, फास निघाला, सोडून द्या. तुम्ही थांबवलंत. वायरने रक्त अडलेलं असतं, वरून कातडी बरी दिसते आणि आतलं मांस पुढच्या काही दिवसांत सडायला लागतं, हे तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. त्या दिवशी सोडली असती तर बिळातच मेली असती. वन्यप्राणी बघणाऱ्या डॉक्टरांना तुम्ही रात्री फोन केलात, वनविभागाच्या परवानगीने ती भावाच्या देखरेखीखाली राहिली. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

पण माझ्या मनात घर करून बसलंय ते वेगळंच. उपचार झाल्यावर तुम्ही बांधावर खाली बसलात आणि गवतात विखुरलेले तिचे काटे एकेक करून वेचायला लागलात. काळे-पांढरे पट्टे, टोकाला मातीत मिसळलेलं रक्त. कागदात गुंडाळून वनरक्षकांच्या हातात दिलेत, पंचनाम्यात लिहायला लावलेत. आमच्या शेजारच्या पोराने एक मुठीत लपवला होता. तुम्ही रागावला नाहीत. हात पुढे केलात आणि म्हणालात, "दे रे भाऊ, तिनं शे ते." तिचं आहे ते. त्याने मुकाट्याने दिला. मग त्याच्या शेजारी बसून सांगितलंत, हे काटे म्हणजे तिचे केसच, गळले तरी पुन्हा येतात. कुणीही बघत नसतं तरी तुम्ही ते वेचले असतेत, याची मला खात्री आहे. आपल्याकडे चांगुलपणाचे फलक पुष्कळ लागतात, पण अशी माणसं भेटली की आपल्या मुलखाबद्दल पुन्हा विश्वास वाटतो.

तिला तिच्याच शिवारात सोडलंत तेही फार बरं केलंत. साळिंदरं जोडीने राहतात, तिचं बीळ तिथेच होतं.

ताई, तुम्ही पैसे घेतले नाहीत, भावाने पेट्रोलचेही घेतले नाहीत. मग एक ऐका. भुईमूग निघाला की आम्ही गावातली माणसं नाल्याकाठचा सगळा बांध फिरून फास काढणार आहोत. वनरक्षकांशी बोलणं झालंय. तुम्ही दोघं या. ते पोरगंही येणार आहे, रोज तुमची तारीख विचारतंय. जेवण आमच्याकडे: कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत.

आपला,
सातपुड्याच्या पायथ्याचा एक शेतकरी