ऊन पाण्याच्या कुंडांना सिमेंटपासून वाचवा

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

स. न. वि. वि.

वज्रेश्वरीजवळची अकलोली, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, संगमेश्वरातली आरवली, तुरळ, राजवाडी आणि राजापूरचं उन्हाळे. कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्यांची ही ओळच आहे. काही गावांच्या तर नावातच ‘ऊन’ आहे. घरोघरी न्हाणी नव्हत्या तेव्हा सगळ्या पंचक्रोशीची न्हाणी हीच. लावणी उरकली की माणसं इथे कंबर शेकायला यायची. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला आणि वज्रेश्वरीचं देऊळ बांधलं. तिथे आजही आधी कुंडात स्नान, मग दर्शन.

माझ्या आजोळच्या कुंडाला जांभ्याच्या पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर बसलं की तळातल्या फटींतून बुडबुड्यांची माळ वर येताना दिसायची आणि तळवे खालून शेकायचे. आता त्या पायऱ्यांवर न्हाणीघरातली गुळगुळीत फरशी आहे. तळाला काँक्रीट, वर स्लॅब. याला सुशोभीकरण म्हणतात. दोन-तीन पावसाळ्यांत स्लॅबची सळई गंजून फुगली, खपल्या पडू लागल्या. बुडबुडे तर बंदच झाले. ऊन पाणी आता भिंतीमागच्या वहाळात झिरपतं. ते बघून माझी मावशी बांधावरच रडायला लागली.

साहेब, हे होणारच होतं. इथे ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि कातळातल्या भेगांतून वर येतं. लोक त्याला सरसकट ‘गंधकाचं पाणी’ म्हणतात, पण त्यात क्लोराइडचे क्षारही भरपूर असतात आणि क्लोराइड लोखंडाला खातं. भेग बुजवली की पाणी दुसरी वाट शोधतं. चुन्याचं काम ओल बाहेर सोडतं, सिमेंट ती दगडातच कोंडतं, मग जांभा भुगा होऊन गळू लागतो.

म्हणून मागण्या अशा आहेत. कुंडाला हात लावण्याआधी निदान एक वर्ष, उन्हाळ्या-पावसाळ्यात, पाण्याचं तापमान आणि आवक मोजा. झऱ्याची तोंडं नकाशावर घ्या. मगच निविदा काढा, आणि त्या निविदेत चुना आणि जांभा लिहा, ‘टाइल्स’ नको. कपडे बदलायच्या खोल्या, विशेषतः बायकांसाठी, हव्यातच; पण त्या कुंडापासून चार पावलं लांब बांधा. आजूबाजूच्या बोअरवेलवर बंदी घाला. १९६० च्या राज्य पुरातत्त्व कायद्याखाली यातली जुनी बांधीव कुंडं संरक्षित करता येतील का, हे आपल्याच अखत्यारीतल्या पुरातत्त्व संचालनालयाकडून तपासून घ्या. या कुंडांकडे फक्त पर्यटनाचा निधी येतो, तोवर फरशीच बसत राहणार.

चुना मळणारे, जांभा घडवणारे गवंडी अजून कोकणात आहेत. आजोळच्या कुंडातली फरशी काढायचं ठरलं तर पहिल्या दिवशी घमेलं घेऊन मी हजर असेन.

आपला,
एक कोकणकर