शेजारच्या काकूंना, कुलूपबंद कपाटाबद्दल थँक्यू

काकू,

समोरासमोर थँक्यू म्हणलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून दार लावून घेता, म्हणून इथेच लिहितेय, सगळ्यांसमोर, आता लावा दार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी बडोद्यात दांडिया बाजारजवळ घरीच नववी ते अकरावीच्या मुलांची इंग्लिशची ट्यूशन घेते. पोरं घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्लिश, आणि निबंध लिहायला बसली की तिन्हीमधला एकही शब्द सापडत नाही. मग मी कॉक्सहेडबाईंची अकॅडेमिक वर्ड लिस्ट आणली, ५७० शब्द-कुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत तिच्यात, २००० साली आलेली, कॉलेजच्या पुस्तकांमध्ये सारखे सारखे येणारे शब्द वेचून केलेली. रोज दहा शब्द, अर्थ, वाक्य, शनिवारी टेस्ट. सोमवारी सगळं साफ! एकाने तर लिहिलं होतं की माय मदर इज व्हेरी प्रोहिबिट. आई वाचून हसली, मी रडायच्या बेतात होते.

तेवढ्यात तुम्ही डबा परत द्यायला आलात, जिन्यातूनच सगळं ऐकलं होतंत, आणि म्हणालात, "अगं, यांच्यात आधी एखादं भांडण लाव ने, शब्द ते स्वतःच मागतील." आणि दुसऱ्या दिवशी बंदी आलेल्या पुस्तका-नाटकांच्या कात्रणांची ती पिवळी फाईल घेऊन आलात. लायब्ररीतली इतकी वर्षं नोकरी, रिटायर झाल्यावरही कात्रणं काही सुटली नाहीत तुमची.

पहिल्या दिवशी 'कीचकवध' काढलंत. खाडिलकरांचं नाटक, १९०७ चं. गोष्ट महाभारतातली, कीचक, द्रौपदी, भीम, इंग्रजांचं नावसुद्धा नाही, तरी १९१० मध्ये सरकारने बंदी घातली, कारण बघणाऱ्यांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसत होता, भीमात जहाल आणि युधिष्ठिरात मवाळ. पोरं खवळली. "पण कर्झन तर त्यात नाहीच ने, आ तो चीटिंग छे!" आणि तुम्ही शांतपणे फळ्यावर लिहिलंत, एक्सप्लिसिट (उघड सांगितलेलं), इम्प्लिसिट (न सांगता सुचवलेलं). बास. मी हे दोन शब्द वर्षभर घोकून घेतले होते, त्या दिवशी पोरं ते एकमेकांवर फेकून मारत होती.

मग प्रेमचंदांचं 'सोज़े वतन', १९०८ चं, तेव्हा ते नवाबराय नावाने लिहायचे, पुस्तक जप्त झाल्यावर नाव बदलावं लागलं, हे ऐकून एक मुलगा म्हणाला म्हणजे बंदी आली नसती तर प्रेमचंद हे नावच नसतं? (या पोराला मी आतापर्यंत मठ्ठ समजत होते, सॉरी.) 'सखाराम बाइंडर'बद्दल तुम्ही फक्त एवढंच सांगितलंत की १९७२ साली परिनिरीक्षण मंडळाशी, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरशी, वाद झाला, हायकोर्टात गेला आणि नाटकवाले जिंकले. गोष्ट काय आहे ते विचारल्यावर म्हणालात, अठरा वर्षांचे व्हा मग वाचा. यावर मागून आवाज आला, काकू, धिस इज आल्सो सेन्सॉरशिप. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता!

कायद्याचा भागही तुम्हीच आणलात. सरकारला पुस्तक जप्त करायचं तर नुसतं आवडलं नाही म्हणून चालत नाही, आदेशात कारणं लिहावी लागतात, आणि ज्याला मान्य नसेल तो दोन महिन्यांत हायकोर्टात जाऊ शकतो, तिथे तीन न्यायाधीश ऐकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ९५ आणि ९६, नव्यात ९८ आणि ९९. मग अर्धा वर्ग सरकार झाला, अर्धा अपीलवाला, पुस्तक आम्हीच मनाने रचलेलं, एका राजाच्या मिशांवरचं. सरकारवाल्यांना जस्टिफाय लागलं, एव्हिडन्स लागला, अपीलवाल्यांना बायस आणि काँटेक्स्ट. दोन तास कुणी पाणी प्यायला उठलं नाही, आणि मी कोपऱ्यात बसून फक्त स्पेलिंग सांगत होते.

पण खरं थँक्यू त्या शेवटच्या शनिवारसाठी. तुम्ही तुमच्या नोकरीतला किस्सा सांगितलात. एका सभासदाने एका पुस्तकाची तक्रार केली, साहेबांनी काही लेखी दिलं नाही, नुसतं पुस्तक शेल्फवरून काढून आतल्या कपाटात ठेवायला लावलं, आणि किल्ली तुमच्याकडे दिली. कुणी मागितलं तर "बाहेर गेलंय" म्हणायचं. तुम्ही म्हणालात, मी म्हणायचे, तसंच म्हणायचे. वर्ग एकदम गप्प. मग आमची सगळ्यात लाजरी मुलगी, जिचा आवाज मी महिन्यातून एकदा ऐकते, ती हळूच म्हणाली, "म्हणजे ते बॅन नव्हतं, फक्त मिळत नव्हतं." त्यातून प्रोहिबिट, रिस्ट्रिक्ट आणि ॲक्सेस या तीन शब्दांतला फरक तिनेच सगळ्यांना समजावला, मराठीत, मधे मधे गुजरातीत, आणि नंतर घरून अख्खं पान इंग्लिशमध्ये लिहून आणलं. व्याकरण लंगडं होतं, पण तिन्ही शब्द बराबर जागेवर. मी लाल पेन उचललंच नाही.

मला माहितीय ते सांगणं तुम्हाला सोपं नव्हतं. चहा न घेताच गेला होतात त्या दिवशी.

फाईल माझ्याकडेच आहे, तुमचा स्टीलचा डबा पण. येत्या शनिवारी मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत नेतेय पोरांना, सयाजीरावांनी १९१० मध्ये सुरू केलेली, काचेच्या जमिनीवरून चालायचंय म्हणून सगळी आत्तापासून नाचतायत. तुम्ही चला बरोबर, प्लीज. फक्त एक सांगून ठेवते, त्या कपाटातल्या पुस्तकाचं नाव तुम्ही अजून सांगितलेलं नाहीये, आणि पोरं तिथे पोचल्या पोचल्या पहिलं तेच विचारणार आहेत.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ट्यूशनवाली