कोपर सुजलं तर आधी एक्स-रे फोटो काढा, तेल लावून चोळू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा आखाजीला (अक्षय तृतीयेला) बहीण माहेरी आली होती, तिला सातवा महिना आणि सोबत सहा वर्षांचा भाचा. आखाजीला आपल्या खान्देशात निंबाच्या झाडाला झोका असतोच, त्याच्यावरून पोरगं हात टेकवून पडलं आणि अर्ध्या तासात कोपर टम्म फुगलं. आमच्याकडे मग जे होतं तेच झालं, आई तेलाची वाटी घेऊन आली, शेजारची आजी म्हणे "काही व्हयनं नही, नुस्ता मुरगळना शे", आणि दोघातिघांनी तर हाडवैद्याकडे न्यायला मोटरसायकल पण काढली. मी ऐकलं नाही, सरळ दवाखान्यात नेलं. कारण आमच्या गल्लीत एक काका आहेत, लहानपणी त्यांचं कोपर असंच महिनाभर चोळलं होतं, आज त्यांना त्या हाताने धड घास पण तोंडापर्यंत नेता येत नाही. डॉक्टरांनी नंतर मला सांगितलं की मार लागलेलं कोपर चोळलं तर आजूबाजूच्या स्नायूत नवं हाड धरू शकतं आणि सांधा जाम होतो, आणि कोपर याबाबतीत शरीरातल्या वाईट सांध्यांपैकी एक आहे. हे पत्र त्यासाठीच लिहितोय, आणि एक्स-रे म्हणलं की लोक विनाकारण घाबरतात त्यासाठी पण.

आधी वाटेतलं सांगतो. आम्ही हात आहे तसाच ठेवला, सरळ करायचा प्रयत्न केला नाही, खाली जाड पुठ्ठा घेतला आणि बहिणीच्या ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवला. पोरगं रडतंय म्हणून आई त्याला आमरस-पोळी भरवायला निघाली होती, ते चुकीचं. एक्स-रेला उपाशी लागत नाही, पण हाड सरकलेलं निघालं आणि भूल द्यायची वेळ आली तर पोट रिकामं लागतं, म्हणून डॉक्टर हो म्हणेपर्यंत काही द्यायचं नाही.

डॉक्टरांनी फोटोच्या आधी मनगटाची नाडी बघितली, बोटं गरम आहेत का बघितली आणि भाच्याला म्हणाले, अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करून दाखव. मला वाटलं पोराला खेळवताय, पण कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात, मोडलेलं हाड तिथेच टोचू शकतं, ते तपासत होते. बोटं पांढरी, गार, बधिर पडली तर तासाभराची पण वाट बघायची नाही, मोठ्या दवाखान्यात पळायचं. आणि हाडवैद्याने कामट्या लावून करकचून पट्टी बांधली असेल तर हा धोका अजून वाढतो, काही तासात स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात.

एक्स-रेच्या खोलीत बहिणीला जाऊ दिलं नाही, पोटात बाळ आहे म्हणून, तर मी गेलो, मला शिशाचा जड एप्रन घातला. भाच्याच्या हातातलं चांदीचं कडं आणि दंडातला ताईत काढायला लावला. ताईत काढायचा म्हणल्यावर बाहेर आई नाराज झाली, पण धातू फोटोत हाडाच्या आडवा येतो. 1895 मध्ये एक्स-रे शोधणाऱ्या रॉन्टजेनने बायकोच्या हाताचा फोटो काढला होता त्यात पण नजर आधी अंगठीवरच जाते. ताईत खिशात ठेवा, बाहेर आल्यावर परत बांधा, एवढंच.

कोपराचे दोन फोटो लागतात. एक समोरून, तळवा वर करून हात सरळ, आणि एक बाजूने, हात काटकोनात वाकवून अंगठा वर, खांदा कोपर मनगट एका पातळीत. भाच्याचा हात सरळ होईना तर टेक्निशियनने जबरदस्ती केली नाही, वरच्या आणि खालच्या हाडाचा वेगवेगळा घेतला. दुखतं ते फक्त हात ठेवताना. मशीन अंगाला लागत नाही, हलायचं नाही एवढंच, पाच-दहा मिनिटात मोकळे. रेडिएशनचं म्हणाल तर हवेतून, जमिनीतून आपल्याला तसंही रोज मिळतं, कोपराचा फोटो म्हणजे त्यातलं काही तासांचं. तरी गरोदर बाई असेल तर आधीच सांगावं.

दुसऱ्या, चांगल्या हाताचा पण फोटो मागितला तेव्हा मला खरंच वाटलं पैसे काढताय. पण लहान पोरांच्या कोपरात हाडाचे सहा तुकडे एकेक करून दिसायला लागतात, पहिला साधारण वर्षाचं झाल्यावर आणि शेवटचा दहा-बारा वर्षाला, मधली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, फोटोत दिसतच नाही, त्यामुळे हा तुकडा वाढीचा की मोडलेला अशी शंका आली तर कधीकधी दोन्ही हात जुळवून बघावे लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या फोटोत मोड दिसलीच नाही. घरी सगळे म्हणे झालं, उगाच पैसे घातले. पण डॉक्टरांनी हाडाच्या मागे एक काळी सावली दाखवली, सांध्यात रक्त साचलं की आतली चरबी मागे ढकलली जाते ती, म्हणे आत बारीक चीर असणार, आणि कच्चं प्लास्टर घातलं. दहा दिवसांनी परत फोटो काढला तर चिरेजवळ नवीन हाड धरलेलं स्पष्ट दिसलं, म्हणजे चीर होतीच आणि ती भरून येत होती. त्या दहा दिवसात आम्ही प्लास्टर काढून तेल लावलं असतं तर काय झालं असतं, विचार करवत नाही.

माझी एकच मागणी आहे. प्रत्येक एक्स-रेच्या दाराबाहेर, सरकारी असो की खाजगी, हे साध्या मराठीत आणि जमलं तर अहिराणीत मोठ्या अक्षरात लिहून लावा. आम्हाला हे सगळं मी खोदून खोदून विचारलं म्हणून कळलं, बाहेर बाकावर बसलेल्या एका पावरा आदिवासी बाईला कोणी काहीच सांगितलं नाही, ती पोराच्या हातातलं कडं काढू देत नव्हती आणि तिच्यावर सगळे ओरडत होते.

भाच्याचं प्लास्टर तीन आठवड्यांनी निघालं. हात अजून पूर्ण सरळ होत नाही, डॉक्टर म्हणाले त्याला त्याचं त्याचं खेळू द्या, ओढू नका, चोळू नका. तेलाची वाटी मी माळ्यावर ठेवलीय.

आपला,
एक मामा, ता. एरंडोल, जि. जळगाव