साक्षगंधाच्या आधी

चि. सुशांत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

"रक्त माझे आहे, तपासायचे की नाही ते मी ठरवीन," असे म्हणून तू फोन ठेवलास. साक्षगंध तोंडावर आले असताना हा विषय पुन्हा काढायचा नाही, असे आईला कबूल केले होते. तरीही लिहायला बसलो आहे.

तुला सिकलसेलचा आजार नाही, एवढ्यावर तू निश्चिंत आहेस. पण तुझी बहीण बेबी एसएस आहे, म्हणजे तिला आई आणि बाप दोघांकडूनही सिकलसेलचा दोष येऊन आजार झाला आहे; म्हणजेच मी आणि तुझी आई दोघेही एएस, एकच दोष अंगात असलेले वाहक. आणि अशा घरातले जे मूल आजारातून सुटते, ते वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन असते. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, तो नोकरी करतो, म्हातारा होतो (माझ्याकडेच पाहा), म्हणून तपासणी टाळल्याने तुझे काहीच बिघडत नाही. बिघडले तर दुसऱ्याचे बिघडेल. तू एएस असलास आणि तुझी होणारी बायकोही एएस निघाली, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस होण्याची शक्यता चारांत एक, आणि ती दर वेळी नव्याने. पहिले सुखरूप झाले म्हणून दुसऱ्याला सूट मिळत नाही.

कळले तर मनाला खात राहील, हे तुझे म्हणणे मी समजू शकतो. एकटा राहणार असतास, तर स्वतःविषयी काही न जाणण्याचा तुझा हक्क मी मानला असता. पण तू जे जाणून घेत नाहीस, ते तिच्यापासूनही झाकले जाते, आणि तिला तर कोणी विचारलेलेही नाही. आमच्या लग्नाच्या वेळी आपल्या गावात या तपासणीचे नावही कोणाला ठाऊक नव्हते. आता २०२३ पासून राष्ट्रीय मोहिमेत चाळिशीपर्यंतच्या लोकांचे रक्त सरकारच तपासते आहे. दोघेही एएस निघालात म्हणून सोयरीक मोडलीच पाहिजे असेही नाही, गर्भाची तपासणी करता येते, काय करायचे ते दोघांनी मिळून ठरवता येते. मात्र ठरवायला दोघे हवेत.

मास्तरकीची सवय जात नाही, रागावू नकोस.

थंडीत बेबीला कळा सुरू झाल्या की ती पायांना कोणाला हात लावू देत नसे, तुझ्याशिवाय. शेकाची पिशवी तू आधी स्वतःच्या गालाला लावून पाहायचास, मगच तिच्या गुडघ्यावर ठेवायचास, आणि घोटघोट पाणी पाजत न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट रचून सांगायचास. वर्गात इतकी मुले पाहिली, पण तसे मूल मी दुसरे पाहिले नाही. त्याच मुलाने परवा, साक्षगंधाच्या दिवशी बेबीला ब्रह्मपुरीला मामांकडे ठेवावे, असे सुचवले. आईने ते अजून बेबीला सांगितलेले नाही, मीही सांगणार नाही.

बेबी साक्षगंधाला येणार आहे. तिचे हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलवरचे औषध नियमित चालू आहे, आणि बांगड्यांचा रंग कोणता घ्यावा यावर तिचे आणि आईचे रोज भांडण होते. तू तपासणी करून घे. आणि अहवाल आला की मला फोन करण्याआधी त्या मुलीला कर.

तुझा,
बाबा