स्वभावाची चार अक्षरे फायलीत कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्वतःचा स्वभावप्रकार ओळखला की कामात आणि नात्यांत कशी सुधारणा होते, हे सांगणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेखातील सल्ला चुकीचा नाही. परंतु फोर्टमधील एका खासगी विमा कंपनीत तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करताना या प्रकारांचा उपयोग आणि दुरुपयोग दोन्ही जवळून पाहिल्यामुळे, लेखात न आलेली एक बाजू मांडावीशी वाटली.

माझा पहिला स्वभावप्रकार मला तेविसाव्या वर्षी कळला. चित्रा नक्षत्र, म्हणून राक्षसगण. छत्तीस गुणांपैकी गणाचे सहा, आणि समोरचा मुलगा देवगणी निघाला की त्यावर बहुतेक पाणी सोडायचे. शिवाय ‘मुलगी तापट असणार’ हा शेरा वेगळाच. तो मारणाऱ्यांपैकी एकानेही मला रागावलेले पाहिले नव्हते. दुसरा प्रकार पंचावन्नाव्या वर्षी कंपनीने काढून दिला. एका हॉटेलच्या सभागृहात दिवसभराची कार्यशाळा झाली, भराभर प्रश्न सोडवून घेतले गेले आणि संध्याकाळच्या चहाबरोबर हातात कागद आला : आयएसटीजे. म्हणजे अंतर्मुख, तपशिलात रमणारी, भावनेपेक्षा तर्काला मान देणारी, आखून-रेखून काम करणारी. वाचताना मी मान डोलावली, आणि लगेच आठवले की माझी पत्रिका वाचून आईनेही अशीच डोलावली होती.

ही चार अक्षरे आली कुठून, हे कार्यशाळेत कोणी सांगितले नाही. स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख या कल्पना मांडल्या. त्यांच्या आधारे अमेरिकेतील कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली रचली आणि माणसांचे सोळा प्रकार पाडले. दोघीही मानसशास्त्राच्या पदवीधर नव्हत्या. त्यामुळे त्यांचे काम आपोआप टाकाऊ ठरत नाही, मात्र काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवली तर अनेकांचे किमान एक अक्षर बदलते, हा तिच्यावरील जुना आक्षेप आहे. माझेही बदलले. मुलाने मोबाइलवर अशीच एक चाचणी करायला लावली आणि मी एका दुपारीत तर्कप्रधानाची भावनाप्रधान झाले.

याचे कारण समजायला दहावीचा निकाल पुरेसा आहे. पस्तीसला रेघ मारली की ३४ गुणांचा मुलगा नापास आणि ३६ गुणांचा पास. आणि तो ३६ गुणांचा मुलगा ९० गुणांवाल्याच्या पंगतीत जाऊन बसतो. स्वभावाचे बहुसंख्य नमुने असे रेघेच्या आसपासच असतात. म्हणून संशोधक आता कप्प्यांऐवजी मोजपट्टी वापरतात. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजी शब्दकोशातून माणसांचे वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द वेचले. पुढील काही दशकांत अशा शब्दांच्या अभ्यासातून पाच मोजपट्ट्या हाती आल्या : नवेपणाची ओढ, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि मनाची चटकन अस्वस्थ होण्याची प्रवृत्ती. मरे बॅरिक आणि मायकल माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तपासलेल्या सर्व व्यवसायगटांत चांगल्या कामाशी संबंध दिसला तो कर्तव्यदक्षतेचा. बहिर्मुखतेचा संबंध मुख्यतः विक्री आणि व्यवस्थापन यांच्यापुरता होता. हेही दिसून आले आहे की वाढत्या वयाबरोबर बहुतेक माणसे थोडी अधिक जबाबदार आणि थोडी अधिक सोशिक होतात. ‘स्वभावाला औषध नाही’ ही आपली म्हण, त्या अर्थाने, पूर्ण खरी नाही.

मग कागद वाचून आपण सगळेच मान का डोलावतो? बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एक वर्णन दिले. ते किती जुळते याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सर्वांना एकच दिलेले होते, आणि त्यातील बरीचशी वाक्ये भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. माझ्या चित्रा नक्षत्राचा सूड उगवला गेला, असे हे वाचताना मला वाटले.

तरीही माझ्या घरात त्या कागदाचा उपयोग झाला, आणि तो सांगितला नाही तर हे पत्र एकांगी ठरेल. संध्याकाळी फोर्टातून मुलुंडला पोहोचले की मला अर्धा तास कोणाशीही बोलवत नाही. माझे यजमान शिक्षक होते, निवृत्तीनंतर दिवसभर घरी एकटे असतात, आणि मी चप्पल काढत असतानाच त्यांचा दिवस सुरू होतो : सोसायटीचे पाणी, बँकेतली रांग, भाजीचे भाव. माझे मौन हा राग आहे, असा त्यांचा समज होता. त्यांचे बोलणे ही माझ्या थकव्याची बेपर्वाई आहे, असा माझा. कागद त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचला, अधूनमधून हसले, आणि मग म्हणाले, “म्हणजे तू रागावलेली नसतेस?” लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती. आता पहिला चहा मी खिडकीशी बसून एकटी घेते, तोवर ते तुळशीला पाणी घालतात आणि दुसऱ्या चहाला गप्पा सुरू होतात. स्वतः चाचणी देण्यास मात्र त्यांनी साफ नकार दिला. चार अक्षरे शिकलो तेवढी पुरेत, असे त्यांचे म्हणणे. (आमच्या लग्नात पत्रिका पाहिली नव्हती, हे जाता जाता.)

म्हणजे घरात त्या अक्षरांनी एक प्रश्न विचारायला लावला. कार्यालयात नेमके उलटे झाले. माझी एक सहकारी वर्षानुवर्षे क्लेमच्या टेबलावर बसत असे. नवरा गेलेली बाई प्लास्टिकच्या पिशवीत कागद कोंबून यायची, ही काही न बोलता पिशवी हातात घ्यायची, पॉलिसी, मृत्यूचा दाखला, बँकेचे पासबुक असा क्रम टेबलावर लावायची, पाण्याचा ग्लास पुढे सरकवायची आणि पहिला प्रश्न विचारायची, “जेवून आलात ना?” कार्यशाळेत ती ‘अंतर्मुख’ निघाली. दोन महिन्यांत तिला आतल्या खोलीत कागद तपासण्याच्या कामावर पाठवण्यात आले, आणि ‘तुमच्या स्वभावाला हे काम मानवेल’ असे कारण देण्यात आले. तिला कोणी विचारले नाही. हीच बाई सकाळच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात चढताच ‘कुठे, घाटकोपर? दादर?’ असे अनोळखी बायकांना विचारत डबाभर फिरते आणि स्वतःसाठी नि माझ्यासाठी सीट पक्की करते. गर्दीच्या पार्टीत ती गप्प असते हे खरे आहे, पण विम्याचे पैसे मागायला आलेले माणूस पार्टीला आलेले नसते.

या बदलीमागे कोणाचा वाईट हेतू होता, असे मी म्हणत नाही. कप्पा सोपा असतो, आणि माणसाला विचारायला वेळ लागतो, इतकेच. परंतु सदर कसोटी नोकरभरतीसाठी वापरू नये, असे ती विकणारी संस्थाच सांगते; मग कामे वाटण्यासाठी तिचा आधार घेताना व्यवस्थापनाने निदान बिचकायला हवे. अशा कार्यशाळा घेणाऱ्या कंपन्यांना माझी विनंती आहे की निकालाचा कागद ज्याचा त्याला द्यावा आणि त्याची प्रत कर्मचाऱ्याच्या फायलीत लावू नये; तो सहकाऱ्यांना दाखवायचा की नाही हे त्याचे त्याने ठरवावे; आणि कोणाचे काम बदलायचे असेल तर आधी त्याचे आजवरचे काम पाहावे आणि त्याच्याशी बोलावे. आपणही पुरवणीत असे लेख छापताना ही दुसरी बाजू चार ओळींत का होईना द्यावी.

माझ्या सहकारीने आपल्याला जुन्या टेबलावर परत पाठवावे म्हणून अर्ज केला आहे. त्याला अजून उत्तर आलेले नाही.

आपली,
एक नियमित वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई