आजारी शॅमेलिऑनला डॉक्टर कुठे मिळेल? पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पशुसंवर्धन विभाग

विषय : सरीसृपांवर (सरडे, साप, कासवे अशा सरपटणाऱ्या प्राण्यांवर) उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांची सार्वजनिक नोंद उपलब्ध करून देण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

घरी पाळलेला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, आजारी पडला, तर त्याला कोणाकडे न्यावे हे पालकाला खात्रीने सांगेल अशी कोणतीही अधिकृत यादी आपल्या खात्याकडे नाही. नोंदणीकृत पशुवैद्यकांची नावे, पदव्या आणि नोंदणी क्रमांक मिळतात. पण त्यांतील कोण सरीसृप तपासतो, कोणी अशा प्राण्यावर कधी शस्त्रक्रिया केली आहे आणि कोणाकडे ग्रॅममध्ये वजन करण्याची सोय आहे, हे कुठेच लिहिलेले नसते. पशुवैद्यकांच्या नोंदणीच्या अर्जात ‘कोणत्या प्राण्यांवर उपचार करता’ असा एक रकाना वाढवावा आणि त्यातील माहिती लोकांसाठी खुली करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रानातून पकडून आणलेल्या किंवा कायद्याने पाळण्यास मनाई असलेल्या प्राण्यांची तरफदारी मला करायची नाही, हे आधीच स्पष्ट करते. शॅमेलिऑनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे आणि ते असायलाच हवे. मात्र जे प्राणी बंदिस्त प्रजननातून, रीतसर कागदपत्रांसह घरांत आले आहेत, त्यांना दुखणे येणारच, आणि दुखणे आले की उपचार मिळायला हवेत. येमेन आणि सौदी अरेबियातील व्हेल्ड शॅमेलिऑन, मादागास्करचा पँथर शॅमेलिऑन आणि पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातील तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन या जाती पाळलेल्यांमध्ये प्रामुख्याने दिसतात. जॅक्सनला गारवा लागतो आणि त्याची मादी थेट पिल्लांना जन्म देते. व्हेल्डला त्याहून अधिक ऊब लागते आणि त्याची मादी अंडी घालते. म्हणजे समोर कोणती जात आहे हे ओळखता आले नाही, तर उपचाराची दिशा पहिल्याच पायरीवर चुकू शकते.

या प्राण्याच्या बाबतीत वेळेला इतके महत्त्व का आहे, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. निसर्गात अशक्त दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी जातो, म्हणून शॅमेलिऑन आपले दुखणे अगदी शेवटपर्यंत झाकून ठेवतो. फांदीवर ताठ बसलेला, दोन्ही डोळे दोन दिशांना फिरवणारा प्राणी आतून बराच खालावलेला असू शकतो. पालकाच्या लक्षात येते ते उशिरा : दिवसाढवळ्या डोळे मिटून राहणे, डोळ्यांच्या खोबणी आत जाणे, पायांची पकड सैल होणे, एरवी अचूक लागणारी जीभ किड्यापर्यंत न पोहोचणे, विष्ठेबरोबर पडणारा पांढरा भाग नारिंगी होणे. शेवटचे लक्षण बहुधा शरीरात पाणी कमी पडल्याचे असते, कारण भांड्यात साठवलेले पाणी बहुतेक शॅमेलिऑन ओळखत नाहीत. ते पानांवरचे थेंब चाटून पितात. ही चिन्हे दिसेपर्यंत आजार अनेकदा काही आठवड्यांचा झालेला असतो. त्यानंतर योग्य डॉक्टर शोधण्यात जे दिवस जातात, ते त्या प्राण्याला परवडणारे नसतात.

जाणकार पशुवैद्यकाची तपासणी मी जवळून पाहिली आहे. त्यांनी प्राण्याला हात लावण्याआधी त्याच्या पिंजऱ्याचे फोटो पाहायला मागितले. दिवा कोणत्या प्रकारचा आहे, तो कधी बसवला, फांदीपासून किती अंतरावर आहे, मध्ये काच आहे की जाळी, किड्यांवर कॅल्शियमची पूड कितीदा लावता, या प्रश्नांतच बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील किरणांवाचून या प्राण्याच्या त्वचेत डी३ जीवनसत्त्व तयार होत नाही, खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते, आणि दिव्याचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत असताना त्यातले अतिनील किरण काही महिन्यांत क्षीण होत जातात. डी३ नसले की खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर ते हाडांतून ओढून घेते आणि पाय वाकू लागतात, जबडा मऊ पडतो. म्हणून पिंजऱ्याची माहिती हा तपासणीचाच भाग असतो, आणि ती न विचारता लिहिलेल्या औषधाचा फार काळ उपयोग होत नाही.

त्यानंतर त्यांनी वजनकाट्यावर एक फांदी ठेवली, काटा शून्यावर आणला आणि प्राण्याला आपल्या आपण तिच्यावर चढू दिले. चढताना प्रत्येक पायाची पकड कशी आहे, हे ते लक्ष देऊन पाहत होते. तोंड बळजबरीने उघडण्याची गरज पडली नाही. हात जवळ आल्यावर चिडलेल्या प्राण्याने स्वतःच जबडा उघडला आणि तेवढ्या क्षणात त्यांनी बॅटरीच्या उजेडात हिरड्या आणि घसा पाहून घेतला. या सगळ्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. मात्र हे करण्यासाठी असा प्राणी पूर्वी अनेकदा हाताळलेला असावा लागतो.

उलट अनुभवही सांगितला पाहिजे. माझ्या व्हेल्ड जातीच्या मादीच्या पोटात नराच्या सहवासाशिवायच अंडी तयार झाली होती. या जातीत हे नेहमी घडते आणि एका वेळी तीस-चाळीस, कधी त्याहूनही अधिक अंडी असू शकतात. ती माती उकरत राहिली, अंडी घालू शकली नाही, थकून पिंजऱ्याच्या तळाशी बसू लागली आणि तिने खाणे सोडले. एका दवाखान्यात फुगलेले पोट पाहून अपचनाचे औषध देण्यात आले. दुसरीकडे आम्ही फक्त कुत्री-मांजरे पाहतो असे सांगण्यात आले. हे उत्तर प्रामाणिक होते, पण मग कोणाकडे जावे हे तेथेही कोणाला माहीत नव्हते. एक्स-रे किंवा सोनोग्राफी करावी असे कोणालाही सुचले नाही. अखेर एका अनुभवी पालकाकडून एक फोन नंबर मिळाला, तिथे अंडी अडकल्याचे निदान झाले, आधी सलाईन आणि कॅल्शियम देऊन तिची ताकद सावरण्यात आली आणि नंतर शस्त्रक्रिया झाली. ती वाचली. तो नंबर मिळाला नसता तर वाचली नसती, आणि एखाद्या प्राण्याचा जीव पालकाच्या ओळखीपाळखीवर अवलंबून असावा, हे मला कोणत्याही परिस्थितीत योग्य वाटत नाही.

अपुऱ्या माहितीने केलेले उपचार निव्वळ निरुपयोगी ठरले असते तरी एक वेळ चालले असते. पण त्यांनी अपाय होतो. व्हेल्ड जातीच्या प्रौढ मादीचे वजन १०० ग्रॅमच्या आसपास असते, त्यामुळे मात्रेतील अगदी थोडी चूकही मोठी ठरते. सुजलेले डोळे पाहून अंदाजाने ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले जाते. या जीवनसत्त्वाच्या अभावाने डोळे सुजतात हे खरे, पण ते जास्त झाले तर विषारी ठरते आणि सूज डोळ्यात गेलेल्या कणामुळेही असू शकते. डी३ प्रमाणाबाहेर दिले तर अवयवांत कॅल्शियम साचते. हा थंड रक्ताचा प्राणी असल्याने त्याचे शरीर योग्य तापमानाला नसेल, तर दिलेले औषध अपेक्षेप्रमाणे काम करत नाही. शरीराच्या मागच्या भागातील रक्त मूत्रपिंडांतून जाऊ शकते आणि तिथे दिलेले औषध अंगभर पोहोचण्याआधीच बाहेर टाकले जाऊ शकते, म्हणून इंजेक्शन पुढच्या भागात देण्याची पद्धत आहे. सरीसृप बराच वेळ श्वास रोखून धरू शकतात, त्यामुळे मास्कने भूल देताना सस्तन प्राण्यांचे ठोकताळे लागू पडत नाहीत. कुत्र्या-मांजरांवर उत्तम उपचार करणाऱ्या डॉक्टरला यांपैकी काही गोष्टी माहीत नसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच कोणाला माहीत आहे, हे कळण्याची सोय हवी.

यात मी पशुवैद्यकांना दोष देत नाही. पशुवैद्यकाच्या पदवीचा अभ्यासक्रम गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री आणि मांजरे यांच्याभोवती रचलेला असतो, आणि समाजाची मोठी गरज तीच असल्याने ते समजण्यासारखे आहे. सरीसृपांचे ज्ञान ज्यांनी मिळवले आहे, त्यांनी बहुतेक ते आपल्या हौसेने, आपल्या खर्चाने आणि वरिष्ठांच्या हाताखाली राहून मिळवलेले आहे. त्यांच्या या मेहनतीची नोंद शासनाच्या दप्तरी कुठेच नसावी, हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

आज पालकापुढे दवाखान्याची पाटी आणि फोन एवढीच दोन साधने आहेत. ‘सर्व पाळीव प्राण्यांवर उपचार’ असे पाटीवर लिहिलेले असते, पण त्यातील ‘सर्व’ म्हणजे कोणते हे प्राणी टेबलावर ठेवल्यावरच समजते. शहाणे पालक म्हणून आधी फोन करून विचारतात : गेल्या वर्षभरात आपण किती शॅमेलिऑन तपासले, एक्स-रेची सोय आहे का, विष्ठेची तपासणी दवाखान्यातच होते का, आपल्याला अडचण आली तर आपण कोणाचा सल्ला घेता. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ज्या डॉक्टरांना स्वतःच्या मर्यादा माहीत असतात आणि पुढे कोणाला विचारायचे हेही माहीत असते, त्यांच्या हाती प्राणी सोपवताना मन निश्चिंत राहते. पण हे प्रश्न विचारावेत हे नव्या पालकाला कोण सांगणार? आणि मरणासन्न प्राणी समोर असताना अशी चौकशी एकेका दवाखान्यात करत बसण्याइतकी उसंत कोणाला असते?

आपल्या खात्याला हे काम शून्यातून सुरू करावे लागणार नाही. सरीसृप आणि उभयचरांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकांची आंतरराष्ट्रीय संघटना, असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरिनेरियन्स, १९९१ पासून कार्यरत आहे आणि आपल्या सदस्यांची यादी लोकांसाठी खुली ठेवते. सरीसृपांच्या वैद्यकाला अमेरिकेत आणि युरोपात स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा आहे. मात्र संघटनेच्या यादीत सदस्य झालेल्यांचीच नावे असतात. नोंदणीकृत प्रत्येक पशुवैद्यकापर्यंत पोहोचण्याचा अधिकार आणि यंत्रणा फक्त शासनाकडे आहे.

माझी मागणी म्हणून मुद्दाम लहान ठेवली आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक पशुवैद्यकाने आपण कोणत्या गटातील प्राणी तपासतो हे लिहावे. सरीसृप लिहिल्यास सरडे, कासवे आणि साप यांपैकी कोणते, शस्त्रक्रिया करता की फक्त प्राथमिक उपचार, आणि एक्स-रे व भूल देण्याची सोय आहे का, एवढे नमूद करावे. यात कोणावरही सक्ती नसावी. ज्यांना असे प्राणी तपासायचे नाहीत त्यांनी रकाना रिकामा ठेवावा, कारण ‘मी हे प्राणी पाहत नाही’ ही माहितीदेखील पालकाचा मौल्यवान दिवस वाचवते. जिथे जवळपास जाणकार डॉक्टर नाही, तिथे स्थानिक डॉक्टरला फोनवरून किंवा फोटो पाठवून जाणकाराचा सल्ला घेता यावा, अशी व्यवस्था पशुवैद्यक महाविद्यालयांमार्फत होऊ शकते. पालकाने परस्पर सल्ला घेण्यापेक्षा डॉक्टरने डॉक्टरचा सल्ला घेणे अधिक सुरक्षित आहे, कारण प्राणी प्रत्यक्ष हाताळणारा आणि औषधाची मात्रा ठरवणारा अशा दोघांवरही त्यात जबाबदारी राहते.

इतक्या थोड्या प्राण्यांसाठी शासनाने एवढे का करावे, असा प्रश्न आपल्यासमोर मांडला जाईल, याची मला कल्पना आहे. जो डॉक्टर शॅमेलिऑनवर उपचार करू शकतो, तोच जखमी कासवावर, रस्त्यावर चिरडता चिरडता वाचलेल्या सरड्यावर आणि वनविभागाने सोडवून आणलेल्या सापांवरही उपचार करू शकतो. जप्त केलेल्या प्राण्यांची काळजी तर शासनालाच घ्यावी लागते. सरीसृपांच्या शरीरात साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुले व वृद्धांना त्यांचा संसर्ग त्रासदायक ठरू शकतो. प्राणी हाताळल्यावर हात धुवा, त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नका, हे पालकाला समजावून सांगणारा माणूस म्हणजे त्याचा डॉक्टरच. श्वसनाचा संसर्ग झालेल्या शॅमेलिऑनला, ज्याला आपल्यासारखे खोकून कफ बाहेर टाकता येत नाही, जिवाणू-चाचणी न करता एकामागून एक प्रतिजैविके दिली जातात, तेव्हा प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढण्याचा धोका माणसांपर्यंतही पोहोचतो. आपल्या खात्याला ज्या प्रश्नांची चिंता आहे, त्यांचाच हा एक लहान भाग आहे.

नोंदणीच्या अर्जाचा नमुना पुढच्या वेळी छापला जाण्यापूर्वी त्यात हा रकाना समाविष्ट करण्याचे निर्देश आपण द्यावेत, आणि त्याचा मसुदा ठरवताना सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्यक तसेच अनुभवी पालक यांना चर्चेला बोलवावे, अशी विनंती आहे. बोलावणे आल्यास माझ्याजवळची सर्व माहिती, उपचारांची कागदपत्रे आणि एक्स-रे घेऊन मी उपस्थित राहीन.

कळावे,

आपली विश्वासू,
एक शॅमेलिऑन-पालक