आपल्याच माऱ्यात : पिंटो पार्कच्या काकांना पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही चहाचं बघायला आत निघून जाता. म्हणून सगळ्यांसमोर लिहिते आहे.

26 फेब्रुवारी 2019 ला बालाकोटसाठी मिराज विमानं आपल्या ग्वाल्हेरहून उडाली, तेव्हा शहरातल्या आमच्या अख्ख्या लश्कर भागात दुसरा विषय नव्हता. दुसऱ्याच दिवशी काश्मीरमधल्या बडगामला हवाई दलाचं एमआय-17 हेलिकॉप्टर पडलं. आतले सहा जण गेले, खाली जमिनीवरचा एक नागरिक गेला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ही आपली मोठी चूक झाली, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी त्या ऑक्टोबरात जाहीरपणे सांगितलं. आपलं विमान आपल्यालाच कसं ओळखू येत नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडेना. मंडळाच्या व्याख्यानासाठी तोच विषय घेतला आणि टिपणं घेऊन तुमच्याकडे आले.

पहिल्या पानावर मी ‘हलगर्जीपणा’ हा शब्द तीनदा लिहिला होता. तुम्ही तिन्हींखाली पेन्सिलीने रेघ मारलीत. ‘‘बटण दाबणाऱ्याला त्या वेळी काय दिसत होतं, ते आधी लिही. मग हा शब्द ठेवायचा की नाही ते ठरव.’’

मग कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केलात, टेबलावर एक वाटी पालथी घातलीत आणि हातभर अंतरावर काडेपेटी ठेवलीत. वाटी म्हणजे जमिनीवरचं रडार, ते 1030 मेगाहर्ट्झवर विचारतं, ‘कोण?’ काडेपेटी म्हणजे विमानातला ट्रान्सपॉन्डर, तो 1090 वर उत्तर देतो. ‘‘उत्तर आलं तर आपला. आणि नाही आलं तर?’’ मी म्हटलं, शत्रू. तुम्ही काडेपेटी उचलून खिशात टाकलीत. ‘‘नाही आलं तर उत्तर नाही आलं, एवढंच. संच बिघडला असेल, बंद असेल, कोड चुकीचा असेल.’’ नोकरीची इतकी वर्षं याच संचांवर काढलेल्या माणसाकडून ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

14 एप्रिल 1994 ची उत्तर इराकमधली घटना मी आधी वाचली होती, पण ती मला कळली त्या टेबलापाशी. अमेरिकेच्या दोन एफ-15 विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरं पाडली, 26 माणसं गेली. हेलिकॉप्टरांवर त्या हवाई क्षेत्राबाहेर वापरायचा कोड तसाच राहिला होता. विमानांचे आणि हेलिकॉप्टरांचे रेडिओ एकमेकांना ऐकू येत नव्हते. हेलिकॉप्टरांच्या दोन्ही बाजूंना जादा इंधनाच्या टाक्या लावलेल्या, त्यामुळे वैमानिकांना ती सोव्हिएत बनावटीची हाइंड वाटली. वर टेहळणीचं अवॅक्स विमान होतं, त्यानेही थांबवलं नाही. तुम्ही मला चार रकाने आखायला लावलेत : कोणाला काय ठाऊक होतं. भरत गेले तसा हात जड होत गेला. पूर्ण चित्र एकाही रकान्यात नव्हतं. रविवारची सगळी दुपार त्यात गेली आणि काकूंनी दोनदा पोहे गरम केले.

सिसिलीचं तुम्ही थोडक्यात आटोपलंत. जुलै 1943 मध्ये अमेरिकेच्या छत्रीधारी सैनिकांना घेऊन निघालेल्या 144 विमानांपैकी 23 त्यांच्याच बाजूच्या तोफांनी पाडली. पुढच्या वर्षी नॉर्मंडीला म्हणूनच विमानांच्या पंखांवर काळे-पांढरे पट्टे रंगवले गेले.

पण पद्मा आणि पलाशचं सांगताना तुम्ही वहीकडे पाहिलंही नाहीत. 10 डिसेंबर 1971, बांगलादेश युद्धातलं खुलना. आपल्या नौदलाची ‘पनवेल’ आणि मुक्तिवाहिनीच्या या दोन बोटी, नेतृत्व कमांडर मोहन नारायण सामंतांचं. वरून आपलीच नॅट विमानं आली आणि पद्मा, पलाश पेटल्या. पलाशच्या इंजिनघरातले रुहुल अमीन पोहत काठाला लागले, तिथे पाकिस्तानच्या बाजूच्या रझाकारांनी त्यांना ठार केलं. बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा सर्वोच्च किताब दिला. सामंतांना महावीर चक्र मिळालं. मराठी घरात वाढून मी हे नाव कधी ऐकलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. ‘‘आकडा नंतर, नाव आधी,’’ एवढं म्हणून तुम्ही बराच वेळ बोलला नाहीत.

आणि तो शब्द! फ्रेंडली फायरला मी ‘मित्रमारा’ असं लिहून आणलं होतं. ‘‘ज्या घरी तार आली, त्या आईसमोर हा शब्द उच्चारून बघ,’’ असं तुम्ही म्हणालात. मी तिथेच खोडला. व्याख्यानात शेवटपर्यंत ‘आपल्याच माऱ्यात’ असंच म्हटलं, आणि हलगर्जीपणा हा शब्द तीनवरून एकावर आला. तो एक मात्र मी विचार करून ठेवला आहे, तुम्हाला पटणार नाही कदाचित. त्यावर भांडायला आणि तुमची वही परत द्यायला येत्या रविवारी येते. काकूंना नमस्कार. पोहे या वेळी मी घेऊन येईन.

कळावे,
लश्करची तुमची विद्यार्थिनी